सच्छिद्र धातूचं काम गलाईवाल्यांच्या हाती द्या

सोन्यात तिप्पट चांदी घालून आटवायची, रस पाण्यात ओतून दाणे करायचे आणि ते तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, उकळायचे. चांदी विरघळते, तपकिरी सोनं उरतं. नाशिकच्या सराफ बाजारात माझ्या वडिलांनी आयुष्यभर हेच केलं. विटा-खानापूर भागातून गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी शुद्ध करण्याच्या कामासाठी, देशभर पांगलेल्या माणसांपैकी ते एक. तपकिरी कणी धुऊन ते लगेच मुशीत टाकत, कारण गिऱ्हाईकाला पिवळं सोनं हवं असे. मी रसायनशास्त्र शिकवतो, आणि माझ्या मते उद्याच्या ऊर्जेचं काम त्या तपकिरी टप्प्यावरच दडलेलं आहे.

चांदीचे अणू निघून गेले की उरलेले सोन्याचे अणू पृष्ठभागावर सरकत एकमेकांना धरतात आणि सलग जाळी तयार होते. हे नेमकं कसं घडतं, ते जोना अर्लबाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ‘नेचर’मध्ये मांडलं. जाळीची छिद्रं इतकी बारीक, की केसाच्या जाडीत हजारो ओळीनं मावतील. त्यामुळे चिमूटभर धातूला अफाट पृष्ठभाग मिळतो. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात पीटर ब्रूस यांच्या गटानं २०१२ साली असंच सच्छिद्र सोनं लिथियम-ऑक्सिजन बॅटरीत वापरलं. शंभर वेळा चार्ज करूनही तिची ९५ टक्के क्षमता टिकली.

बॅटरीत सोनं घालणं परवडणारं नाही, हे उघड आहे. हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलमध्येही हीच अडचण आहे. तिथे ऑक्सिजनची क्रिया फार मंद चालते आणि तिला प्लॅटिनम लागतं. प्लॅटिनममध्ये कोबाल्ट किंवा निकेल मिसळून हा मिसळलेला धातू वरून आम्लानं काढून घेतला, तर कमी प्लॅटिनम जास्त काम करतं. पण सेलच्या आतही आम्लच असल्यानं उरलेला कोबाल्ट हळूहळू झिरपतो आणि सेलमधला आयन जाऊ देणारा पडदा खराब करतो. प्रयोगशाळेत पास झालेला तुकडा गाडीत हजारो तास टिकेलच असं नाही.

म्हणून मला निकेलची वाट जवळची वाटते. अमेरिकेच्या मरे रेनी यांनी १९२० च्या दशकात निकेल-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूतलं ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्यानं काढून सच्छिद्र निकेल बनवलं, तेही तेलाचं घट्ट तूप करण्यासाठी. पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या अल्कलाइन इलेक्ट्रोलायझरमध्ये आज त्याच जातीचं निकेल इलेक्ट्रोडवर चढवतात. केंद्राच्या हरित हायड्रोजन अभियानाला २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपये मंजूर झाले; २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट आहे. एवढ्या हायड्रोजनला लागणारे इलेक्ट्रोड बाहेरून आणून इथे नुसते जोडायचे असतील, तर आपल्या हाती फक्त नटबोल्ट आवळणं उरेल.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमध्ये निकेल प्लेटिंग करणारे कारागीर आहेत. सराफ बाजारात गलाईवाले आहेत. चांदी कमी पडली तर तेजाब आत शिरत नाही, फार झाली तर सोन्याचा भुगा होतो, हे माझ्या वडिलांना कुठल्याही आलेखाशिवाय ठाऊक होतं. सच्छिद्र धातूच्या संशोधनाचा अर्धा जीव याच प्रमाणात असतो. आपल्या शिक्षणानं ही माणसं कधी प्रयोगशाळेत बोलावली नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मात्र हे काम पोटमाळ्यावर, उघड्या पातेल्यात करायचं नाही. तेजाबाच्या तांबूस धुरानं वडिलांचा खोकला शेवटपर्यंत सुटला नाही. धूर ओढणारी यंत्रणा, निकेलचं पाणी साफ करणारा प्रकल्प आधी हवा. ते पाणी नंदिनी नदीतून गोदावरीत जाणार असेल, तर असा हायड्रोजन मला नको.

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी कंपनी यांनी मिळून २०२२ मध्ये हायड्रोजनवर चालणारी बस दाखवली. तिथपासून नाशिक काही तासांवर आहे. निमा आणि आयमा या आपल्या उद्योजक संघटनांना माझी विनंती आहे: अंबडमध्ये एक सामायिक चाचणी केंद्र उभारा, इलेक्ट्रोड हजारो तास चालवून पाहण्याची सोय करा आणि तिथे पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्यांशेजारी एका गलाईवाल्याला पगार देऊन बसवा.