कोळंबीचा भाव कोण ठरवतो?

रायगडच्या किनाऱ्यावरील पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. २०२५ साली होड्या समुद्रात जाऊन आठवडा होतो न होतो तोच, ७ ऑगस्टला, अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के वाढीव जकात लागू केली. आणि २७ ऑगस्टला, रशियाचे तेल घेतल्याचा दंड म्हणून, आणखी २५ टक्के. तेल घेतले कोणी, ते शुद्ध करून नफा मिळवला कोणी आणि दंड भरायचा कोणी, हा हिशेब एकदा नीट मांडला पाहिजे.

२०२४-२५ मध्ये भारताने ६२,४०८ कोटी रुपयांचे सागरी उत्पादन निर्यात केले. डॉलरमध्ये सांगायचे तर ७.४५ अब्ज, त्यांपैकी २.७१ अब्जांचा माल एकट्या अमेरिकेने घेतला, आणि तो बहुतांशी गोठवलेली कोळंबी होता. ही कोळंबी मुख्यतः आंध्रच्या तळ्यांत वाढलेली. मग रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनच्या कोळ्याचा तिच्याशी संबंध काय? तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

जाळ्यात समुद्री कासवे मरू नयेत म्हणून अमेरिकेने १९८९ साली कायदा केला. कासवाला निसटता येईल अशी चौकट ट्रॉलरच्या जाळ्याला नसेल, तर त्या देशाची समुद्रातली कोळंबी घ्यायची नाही, असा तो कायदा. कॅरिबियन देशांना तयारीसाठी तीन वर्षे दिली. आशियाई देशांना १९९६ साली अवघे चार महिने. भारत, पाकिस्तान, मलेशिया व थायलंड जागतिक व्यापार संघटनेकडे गेले. १९९८ च्या निवाड्याने कासवरक्षणाचा हेतू रास्त मानला, पण अंमलबजावणीतला पक्षपात उघड केला. निवाडा झाला, कायदा राहिला. २०१९ पासून अमेरिकेने भारताच्या समुद्रातल्या कोळंबीला दार बंद केले.

म्हणजे रायगडच्या ट्रॉलरवरील कोळंबी त्या पेठेतून आधीच बाहेर पडली होती. तिला उरल्या इतर देशांच्या पेठा आणि देशातले बाजार. ५० टक्के जकातीमुळे तळ्यातल्या कोळंबीची अमेरिकेची वाट अडली, की तो माल वळतो याच पेठांकडे. इक्वेडोरच्या मालावर तेव्हा १५ टक्केच जकात होती. अमेरिकन व्यापाऱ्याला पर्याय तयार होता. आपल्या निर्यातदाराला मात्र एकच पर्याय दिसतो: बंदरावरचा खरेदीभाव पाडणे. डिझेल व बर्फाचा खर्च ठरलेला, तेव्हा भाव उतरला की तांडेल-खलाशाची वाटणी घटते. आणि सर्वांत शेवटी उभी असते कोळंबी सोलणारी बाई. तिची मजुरी कामावर. माल कमी आला की दिवस फुकट. जकातीचा बोजा असा पायरीपायरीने खाली सरकत जातो, आणि जिच्या खाली कोणी उरत नाही तिच्यापाशी थांबतो.

यावर 'परकीयांची कासवे आणि आमची पोटे' अशी आरोळी ठोकणे सोपे आहे. ती खोटी आहे. हरिहरेश्वर, दिवेआगर येथे आणि बाणकोट खाडीपलीकडे वेळासला कासवाची अंडी राखली ती याच किनाऱ्यावरच्या माणसांनी. वॉशिंग्टनचा हुकूम त्यासाठी लागला नव्हता. चौकट बसवायला कोळ्याचा विरोध आहे असे मानण्याचे कारण नाही. जाळ्याचा खर्च आणि निसटणाऱ्या मासळीचा तोटा त्याने एकट्याने सोसावा, याला विरोध असेल तर तो रास्त आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या पाण्याला साजेशी चौकट केव्हाच तयार केली आहे. ती होडीपर्यंत पोचवणे हे सरकारचे काम होते.

वाटाघाटींत दर उतरतील, पुन्हा चढतील. बलाढ्य राष्ट्राला तसे करणे परवडते, कारण पेठ त्याची आहे. पण दिल्लीत त्यावर सल्लामसलत होते तेव्हा निर्यातदारांच्या संघटनांना बोलावणे जाते. मच्छीमार सहकारी सोसायट्यांचा आवाज तिथे कितीसा पोचतो? निर्यातदाराला व्याजसवलत द्यायचीच असेल, तर बंदरावरील किमान खरेदीभाव आणि सोलणाऱ्या स्त्रियांची हमीची मजुरी या अटी तिला जोडाव्यात. चौकटीचा संपूर्ण खर्च, पहिल्या हंगामातील तुटीसह, सरकारने उचलावा. करंजापासून जीवनाबंदरापर्यंतच्या कार्यकर्त्यांनी सोसायट्यांच्या सभांत हे ठराव मांडावेत, आणि सभेला सोलणाऱ्या बायकांनाही बोलवावे. बहुतेक सोसायट्यांच्या सभासद-यादीत त्यांची नावे सापडणार नाहीत.