वाहवा कशाची?

दोस्तांनो, लपवत नाही. एका साहित्य संमेलनाला आम्ही जाऊन आलो. निमंत्रण होतं. कविसंमेलनात पाच मिनिटं. सोबतीला आमचा दोस्त. तो ठेकेदाराकडं गटारं साफ करतो. एक दिवसाची हजेरी बुडवून आला.

सकाळच्या एसटीनं गेलो. ग्रंथदिंडी पाहिली, पुस्तकांच्या गाळ्यांवर हिंडलो. दोस्तानं 'फकिरा' उचलली. दीड दिवस शाळेत गेलेल्या अण्णा भाऊंची १९५९ सालची कादंबरी. आम्ही खिशात हात घातला तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे. आजची हजेरी हिच्यापायी गेली आसं समजीन." पैसे त्यानंच मोजले.

दुपारी आम्ही व्यासपीठावर चढलो. कविता गटारात उतरणाऱ्या माणसाची. म्हणजे त्याचीच. पुढच्या रांगेतून 'वा! वा!' आली. टाळ्या पडल्या. आम्ही फुगलो. खाली आलो तर दोस्त गप्प. चहाच्या टपरीवर बोलला,

"वा वा कशाला म्हनत व्हते रं? घानीला का तुला?"

मग जरा थांबून, "आन् कविता माझी, तर मला आदी का नाय वाचून दावली?"

उत्तर नव्हतं. चहा गार झाला.

१८८५ साली रानड्यांनी ग्रंथकार सभेचं बोलावणं धाडलं, तेव्हा जोतीरावांनी साफ नकार कळवला. जे शूद्रातिशूद्रांना माणसाचे हक्क देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आपला मेळ कसा बसावा, हा त्यांचा सवाल. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक अण्णा भाऊ. १९९९ साली धारावीत विद्रोही संमेलन उभं राहिलं. त्याआधी १९८४ साली जळगावला शंकरराव खरात अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्षही झाले. म्हणजे आपला मांडव झाला, त्यांच्या मांडवातली खुर्चीही झाली.

पण दोस्ताचा सवाल दोन्ही मांडवांना आहे. त्याहून जास्त आम्हाला आहे. रानड्यांच्या सभेला जाब विचारणं सोपं. स्वतःच्या वहीला विचारताना जीभ अडखळते. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी केली. तरी माणसं उतरतात, गुदमरून मरतात. आमच्या कवितेनं कुणाला दोर तरी दिला? उलट त्याच्या घाणीवर आम्ही टाळ्या कमावल्या, आणि त्यालाच मागच्या सतरंजीवर बसवलं. मग आमच्यात आणि पुढच्या रांगेत फरक काय राहिला?

येताना एसटीत ठरलं ते असं. पुढच्या अंकाची पहिली चार पानं दोस्ताची. तो लिहील, नाहीतर सांगेल आणि आम्ही उतरून घेऊ. त्याची भाषा 'शुद्ध' करणार नाही. यापुढं वस्तीवरची कुठलीही कविता छापण्याआधी वस्तीत वाचली जाईल. तिथं वाहवा मिळाली तर ठीक. शिव्या पडल्या तर त्याही छापू.