शांततेचा मोबदला

घरी श्वान पाळणाऱ्या कुटुंबांत एक तक्रार नेहमी ऐकू येते. दारावरची घंटा वाजली की तो भुंकू लागतो आणि थांबतच नाही. शेजारी त्रासतात, घरची मंडळी ओरडतात आणि अखेर त्याला दुसऱ्याच्या स्वाधीन करण्यापर्यंत गोष्ट जाते. तत्पूर्वी एक प्रश्न स्वतःस विचारावा : भुंकल्याने त्याला काय मिळते?

ज्या कृतीचे फळ मिळते, ती प्राणी पुन्हा करतो. थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या 1898 च्या प्रबंधात मांजरांवरील प्रयोगांतून हेच दिसून आले. पार्सल देणारा येतो, श्वान भुंकतो, माणूस निघून जातो. तो जाणारच होता. पण श्वानास वाटते, आपण त्याला घालविले. आपण मोठ्याने दटावले, तर तेही त्याला सोबतीचे भुंकणेच वाटू शकते.

म्हणून प्रथम आठवडाभर रोजकीर्दीप्रमाणे नोंद ठेवावी : केव्हा भुंकला, कशामुळे, पुढे काय घडले. कंटाळा असेल, तर फिरणे व खेळ वाढवावा. रस्ता पाहून भुंकत असेल, तर खिडकीला पडदा लावावा. फटाक्यांचे भय असेल, तर त्याला जवळ, शांत खोलीत ठेवावे. सवय अचानक बदलली असेल, तर पशुवैद्यास दाखवावे; दुखण्यामुळेही श्वान भुंकतो.

घंटेसाठी असा सराव करावा. घंटेचा आवाज मोबाइलवर अगदी हळू वाजवावा आणि तो भुंकण्यापूर्वीच खाऊ द्यावा. आवाज दिवसागणिक किंचित वाढवावा. पुढे घंटा वाजताच त्याला ठरलेल्या सतरंजीवर बसण्यास शिकवावे. खाऊ योग्य वर्तनानंतर क्षणभरात मिळावा. उशीर झाल्यास तो कशाचा मोबदला, हे त्याला उमगत नाही. पनीरचा वा काकडीचा नखाएवढा तुकडा पुरतो. मनुका, द्राक्षे व चॉकलेट मात्र कदापि देऊ नये. ती श्वानास विषारी ठरतात. शिरा-श्रीखंडातील मनुकाही याला अपवाद नाहीत.

लक्ष वेधण्यासाठी भुंकत असल्यास प्रतिसाद देऊ नये. गप्प होताच कौतुक करावे. आरंभी भुंकणे वाढेल. त्या वेळी आजींनी कनवाळूपणे पोळीचा तुकडा दिला, तर अधिक भुंकण्याचाच धडा पक्का होतो. म्हणून नियम घरातील सर्वांनी पाळावा.

विजेचा धक्का देणारे पट्टे आवाज दाबतात, भय तसेच राहते. वेल्समध्ये 2010 पासून त्यांवर बंदी आहे. आपल्याकडील 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, नेहमी बांधून ठेवलेल्या श्वानास पुरेसा व्यायाम न देणे हाही अपराध आहे. गोदामाच्या राखणीसाठी श्वान ठेवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

अहिंसा केवळ ताटापुरती नसते. आपल्या आश्रयास आलेल्या जीवाला शिकविण्याच्या रीतीतही ती दिसावी. आपण भुंकण्याची दखल तत्काळ घेतो, शांततेची क्वचितच. आज तो दाराशी गप्प बसलेला दिसला, तर तेवढ्यासाठी त्याचे कौतुक करावे. शिक्षणाचा आरंभ तेथूनच होतो.