संघ बंद पडतो तेव्हा मुली कुठे जातात?

कारखाना बंद पडला की कामगार गेटसमोर बसतात. थकलेल्या पगाराचा हिशेब मागतात, युनियनचा फलक लावतात, वर्तमानपत्रात चार ओळी तरी छापून येतात. फुटबॉलचा क्लब बंद पडला तर क्रीडापानावर हळहळ व्यक्त होते. पण त्या क्लबाचा बायकांचा संघ बंद पडला तर? त्याची बातमीही होत नाही. संघ होता हेच मुळात कुणाला ठाऊक नसते, मग तो गेल्याचे दुःख कोण करणार?

पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातल्या मैत्रिणींनी हा ताळेबंद एकदा मांडून पाहावा. २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी काढला. त्याचे सरावाचे मैदान देहूरोडजवळच्या मामुर्डीला, म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत होते. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये हा संघ देशात दुसरा आला आणि २०१५ मध्ये त्याने गाशा गुंडाळला. २०१४ मध्ये कल्याणी समूहाचा भारत एफसी आला, एक मोसम खेळून तळाला राहिला आणि संपला. त्याच वर्षी सुपर लीगमध्ये वाधवान समूहाचा एफसी पुणे सिटी उतरला. त्याच्या मालकांत हृतिक रोशनसारखा सिनेनट होता. २०१९ मध्ये पैशांची अडचण आली आणि त्याची लीगमधली जागा हैदराबादच्या नव्या संघाला गेली. बारा वर्षांत तीन क्लब आले आणि तिन्ही गेले.

एवढे बहुतेकांना आठवते. न आठवणारी गोष्ट पुढेच आहे. जानेवारी २०१७ मध्ये देशातली पहिली इंडियन विमेन्स लीग दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर झाली. अंतिम फेरीत सहा संघ होते आणि त्यांत एफसी पुणे सिटीचा महिला संघ होता. पुरुषांच्या सुपर लीगमधल्या श्रीमंत क्लबांपैकी बायकांचा संघ उतरवणारा हा एकटाच. त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण ही 'लीग' केवढी होती? २८ जानेवारी ते १४ फेब्रुवारी, अवघे अठरा दिवस. साखळीत प्रत्येक संघाच्या वाट्याला पाच सामने, तेही सगळे दिल्लीत. बालेवाडीच्या प्रेक्षकांनी या मुलींना लीगमध्ये खेळताना पाहिलेच नाही. पुढच्या मोसमाच्या अंतिम फेरीत पुण्याचे नाव नव्हते. क्लबाचा पुरुषांचा संघ मात्र त्यानंतर आणखी दोन मोसम सुपर लीगमध्ये खेळला.

तारखांचा हा क्रम महत्त्वाचा आहे. 'क्लबाकडे पैसाच उरला नाही, मग बायकांचा संघ कसा टिकणार?' असे म्हणायची सोय इथे नाही. बायकांचा संघ आधी दिसेनासा झाला, क्लब नंतर बुडाला. घरात तूप कमी पडले की पहिल्यांदा कुणाच्या पानातले आटते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मालक उदार असो की कंजूष, बायकांचा वाटा त्याच्या मर्जीवर राहिला तर तो हक्क नसतो, ती मेहेरबानी असते.

त्याच पहिल्या लीगमध्ये अलखपुरा नावाचा संघ होता. अलखपुरा हे हरियाणातल्या भिवानी जिल्ह्यातले एक गाव. मुलींचे जन्माला येणेच जिथे अवघड, असे ज्या राज्याविषयी आपण वर्षानुवर्षे बोलत आलो, तिथल्या एका गावातल्या मुली शाळेच्या मैदानावर फुटबॉल शिकल्या आणि देशाच्या लीगपर्यंत पोचल्या. लीग जिंकली ती मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने. त्यांच्या मागे ना सिनेनट होते, ना बडा उद्योगसमूह. त्यांच्यामागे गाव होते, मैदान होते, रोजचा सराव होता.

कारखान्यांचा आणि बायकांच्या फुटबॉलचा संबंध जुना आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावी 'डिक, कर' या कारखान्यात दारूगोळा बनवणाऱ्या कामगार बायकांनी १९१७ मध्ये संघ उभारला. २६ डिसेंबर १९२० रोजी त्यांचा सामना पाहायला त्रेपन्न हजार लोक आले. तिकिटांचा पैसा जखमी सैनिकांसारख्या गरजूंना जात होता. पण बायकांची ही गर्दी पुरुषांच्या संघटनेला सोसली नाही. ५ डिसेंबर १९२१ रोजी फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही आणि सदस्य क्लबांनी त्यांना मैदाने देऊ नयेत. बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. पुढे कारखान्याशीही फाटले. तरीही या बायकांनी नाव बदलून, मिळेल त्या माळावर खेळत १९६५ पर्यंत संघ चालवला. मालक गेला, मैदान गेले, पण संघ राहिला, कारण तो त्यांचा स्वतःचा होता.

आता आपल्या पट्ट्याकडे पाहू. पिंपरीच्या टेल्कोने इंजिनिअर हवेत म्हणून जाहिरात दिली आणि त्यात बायकांनी अर्ज करू नयेत असे छापले. तेव्हा सुधा कुलकर्णींनी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिले. ती गोष्ट १९७४ ची. आज त्याच पिंपरीत आणि चाकणला गाड्या जोडणाऱ्या लाइनवर मुली उभ्या आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या, बऱ्याचशा कंत्राटावर किंवा शिकाऊ म्हणून लागलेल्या, चौघी-पाचजणी मिळून एका खोलीत राहणाऱ्या. लाइनवर त्यांचे हात लागतात, पण सुट्टीच्या दिवशी त्यांनी जावे कुठे? कंपन्यांच्या क्रिकेट स्पर्धा पुरुषांच्या. बायकांसाठी हळदीकुंकू, रांगोळी आणि आठ मार्चला गुलाबाचे एक फूल.

काहीजणी म्हणतील, किमान वेतन, पाळणाघर, रात्रपाळीतली सुरक्षितता हे प्रश्न पडलेले असताना फुटबॉल कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. मैदान हा वेगळा प्रश्न नाही, तो त्याच प्रश्नाचा भाग आहे. संध्याकाळी सहानंतर मैदानावर कोण असते? मुलगे. मुली कुठे असतात? चुलीपाशी, नळापाशी, किंवा दार लावून खोलीत. रस्त्यावर मोकळेपणाने वावरण्याचा हक्क आपण मागतो, तो मोर्चाच्या एका दिवसापुरता नाही ना? दर रविवारी वीस मुली हाफपँट घालून एका मैदानावर धावल्या, पडल्या, मोठ्याने ओरडल्या, तर वस्तीची नजर बदलायला सुरुवात होते. शिवाय एकत्र खेळणाऱ्या मुली एकत्र बोलतातही. पगारात काय कापले, सुपरवायझर काय बोलला, हे खोलीत एकटीला सांगता येत नाही ते मैदानाच्या कडेला सांगता येते. बायकांची संघटना बांधायला याहून सोपी जागा शोधून सापडायची नाही.

पैसा नाही, हे कुणी सांगू नये. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण व ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण आहे. फुटबॉल त्यात बसतो. मैदानेही आहेत. २०२२ च्या महिला आशिया चषकातला जपान-चीन उपांत्य सामना इथेच, बालेवाडीला झाला. आशियातल्या बायका खेळायला जागा आहे, मग निघोज्या-महाळुंग्याच्या मुलींना का नसावी?

म्हणून गटांनी तीन मागण्या घेऊन बसावे असे वाटते. एक, महापालिकेच्या प्रत्येक क्रीडासंकुलात आठवड्यातले ठरलेले तास मुली-बायकांसाठी राखून ठेवावेत आणि तिथे दिवे, पाणी, स्वच्छतागृह असावे. राज्यातल्या स्थानिक संस्थांत बायकांना निम्म्या जागा आहेत. निम्म्या जागा सभागृहात, तर मैदानावर का नाहीत? दोन, जो क्लब किंवा कंपनी महिला संघ काढेल तिने किमान तीन वर्षांचा लेखी करार करावा. संघ बंद करायचा तर खेळाडूंना आधी नोटीस आणि उरलेले मानधन द्यावे. तीन, वस्तीतल्या संघाचे नाव, चेंडू आणि हिशेबाची वही मुलींच्याच हातात असावी.

मैत्रिणींनो, देणगी घ्यायला हरकत नाही. पण संघ देणगीदाराच्या नावावर ठेवू नका. त्याचे नाव पुसले गेले तर आपल्या मुलींचे नाव त्याबरोबर जाता कामा नये. आपापल्या वस्तीत याची सुरुवात एका चेंडूने आणि एका रविवाराने होऊ शकते.