आधी तराजू तपासावा

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानके लागू झाली आणि नव्या डिझेल मोटारींच्या धूरमार्गात काजळी अडविणारा फिल्टर, म्हणजेच डीपीएफ, सर्रास दिसू लागला. त्याचा दिवा लागला की पुष्कळदा फिल्टरच बदलण्याची भाषा सुरू होते, आणि तो खर्च फार मोठा असतो. परंतु फिल्टर किती भरला हे सांगतो तो सेन्सर. फिल्टरच्या अलीकडील व पलीकडील दाबांतील फरक तो दोन बारीक नळ्यांच्या आधारे मोजतो. नळी तडकली, निसटली वा काजळीने बुजली, की मापच चुकते.

परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून केवळ चावी फिरवावी व मेकॅनिककडून स्कॅनरवर हा आकडा पाहावा. तो जवळजवळ शून्य हवा. नसल्यास नळ्या सोडवून पुन्हा पाहावे. तरीही फरक राहिला, तर दोष सेन्सरचा किंवा त्याच्या वायरचा. नवा सेन्सर बसविल्यावर अनेक मोटारींत स्कॅनरद्वारे त्याची नोंद करावी लागते.

इंजिन चालू असताना आकडा जास्तच दाखवीत असेल, तर मात्र काजळी खरी मानावी. दुकान ते गोदाम अशा छोट्या फेऱ्यांत फिल्टर काजळी जाळण्याइतका, सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत, तापत नाही. अशा वेळी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोटार मोकळ्या रस्त्यावर सलग चालवावी. दिव्याकडे दुर्लक्ष केल्यास फिल्टर खरोखरच निकामी होतो.

वजनात तूट आली, तर जाणता व्यापारी मालाला दोष देण्याआधी तराजू पाहतो. येथेही तोच क्रम हिताचा.