आजारी मांजरीला कच्चे मांस द्यावे का?

प्रश्न : आमच्या पाच वर्षांच्या मांजरीला दोन महिन्यांपासून वरचेवर उलट्या व जुलाब होतात. ‘प्राणिसंग्रहालयातले वाघ कच्चे मांसच खातात, हिलाही तेच द्या,’ असे शेजारी सुचवतात. काय करावे?
— एक वाचक भगिनी, म्हैसूर

उत्तर : मांजर वाघाच्या कुळातले आणि जात्याच मांसाहारी, हे खरे. तरीही कच्चे मांस देऊ नका. त्यातील साल्मोनेलासारख्या जंतूंनी तिचा त्रास वाढेल, शिवाय घरातील मुलांनाही बाधा होऊ शकेल. बर्ड फ्लूही बाधित कच्च्या चिकनमधून मांजरांना होतो. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने दगावले.

आधी पशुवैद्यकांकडून तिची विष्ठा व रक्त तपासून घ्या. जंत, अन्नाची अ‍ॅलर्जी, आतड्याची सूज अशी कारणे अनेक; प्रत्येकाचा उपाय वेगळा.

तोवर दूध बंद करा. मोठ्या मांजरांना ते बहुधा पचत नाही. मीठ-मसाला, कांदा-लसूण न घालता उकडलेले, हाडे काढलेले चिकन थोडे थोडे द्या. ते उकडलेले पाणीही द्या, कारण मांजरीच्या डोळ्यांना व हृदयाला लागणारे टॉरिन त्यात उतरते. मात्र नुसत्या चिकनवर फार दिवस ठेवू नका, त्यात कॅल्शियम कमी असते. पुढे डॉक्टर सांगतील तो आहार आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्या.

तिला उपाशी मात्र ठेवू नका. मांजरीने दोन-तीन दिवस अन्न सोडले, तर यकृतावर चरबी साठून जिवावर बेतू शकते. एक दिवस खाल्ले नाही, तरी लगेच दवाखाना गाठा.