निदानाचे दाम

गेल्या आषाढात कऱ्हाडहून चिपळूणकडे उतरताना, कुंभार्ली घाटातल्या एका अवघड वळणावर, धुके इतके दाट की पुढच्या एस.टी.चा मागचा तांबडा दिवा तेवढा ओळखू यावा अशा वेळी, माझ्या बारा वर्षे जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डवर एकापाठोपाठ एक तीन दिवे लागले : प्रथम स्टेअरिंगचा, मग एबीएसचा, आणि त्यांच्या मागोमाग इंजिनाच्या आकृतीचा तो पिवळा दिवा, ज्याच्या दर्शनाने जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाच्या मनात पहिला विचार खर्चाचा येतो. स्टेअरिंग एकाएकी जड झाले. गाडी कडेला घेऊन, किल्ली बंद करून पुन्हा सुरू केली तेव्हा तिन्ही दिवे विझलेले होते. पुढच्या तशाच वळणावर ते पुन्हा लागले. चिपळूणला मी सुखरूप पोहोचलो, परंतु त्या दिव्यांनी सुरू केलेले प्रकरण पुढे तीन आठवडे चालले, आणि त्यातून जे उमगले ते माझ्या एकट्याच्या गाडीपुरते नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

या दिव्यांविषयी आपल्या मनात जी समजूत रुजली आहे तिच्यापासूनच आरंभ केला पाहिजे. दिवा लागला म्हणजे यंत्राने आपला दोष स्वतःच सांगितला, आता स्कॅनर लावायचा, त्याच्या पडद्यावर ज्या भागाचे नाव येईल तो भाग बदलायचा आणि मोकळे व्हायचे, असे गाडीचा मालक समजतो आणि पुष्कळदा मेकॅनिकही तसेच समजतो. वस्तुतः दिवा ही फिर्याद असते. स्टेअरिंगखालच्या त्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये यंत्र जोडल्यावर जो संकेतांक मिळतो, तो त्या फिर्यादीचा मजकूर असतो. आणि फिर्यादीत ज्याचे नाव आले त्याला चौकशीवाचून दोषी ठरवणे हे जसे कोणत्याही कचेरीत शोभणार नाही, तसे ते गॅरेजातही शोभू नये. पी ०१७१ हा नेहमी आढळणारा संकेतांक घ्या. इंजिनात जाणाऱ्या मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे, एवढेच तो सांगतो. हे इंजिनाच्या संगणकाला कळवतो तो ऑक्सिजन सेन्सर, आणि म्हणून बहुधा पहिला बळी त्याचाच जातो; हजारो रुपयांचा नवा सेन्सर बसतो, संकेतांक पुसला जातो, आणि आठवड्याने दिवा पुन्हा लागतो, कारण खरा अपराध उन्हाने तडकलेल्या एका रबरी व्हॅक्यूम नळीचा असतो, जिच्यातून हिशेबाबाहेरची हवा आत शिरत असते. साक्षीदार खरे बोलला, आणि शिक्षा त्यालाच झाली.

अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ही स्वयंनिदानाची व्यवस्था सक्तीची झाली. आपल्याकडे भारत स्टेज चारच्या गाड्यांत ती एप्रिल २०१० पासून प्राथमिक स्वरूपात आणि एप्रिल २०१३ पासून पूर्ण स्वरूपात आली. तिचा मूळ हेतू धुरावर नजर ठेवण्याचा होता, दुरुस्ती सोपी करण्याचा नव्हे, हे विसरले जाते. त्यात १९८६ साली बॉश या जर्मन कंपनीने जगापुढे मांडलेल्या ‘कॅन’ पद्धतीने गाडीतले निरनिराळे संगणक दोन तारांच्या एका जोडीवर परस्परांशी बोलू लागले, तेव्हा एकाची व्यथा दुसऱ्याच्या मुखाने व्यक्त होण्याचीही सोय झाली. ब्रेकची फिर्याद इंजिनाच्या दप्तरी आणि इंजिनाची स्टेअरिंगच्या, असा प्रकार जुन्या गाडीत रोज घडतो.

याचा अर्थ दिव्यांकडे दुर्लक्ष करावे असा कोणी घेऊ नये. तेलाच्या बुधलीच्या आकाराचा तांबडा दिवा चालत्या गाडीत लागला तर पुढचे गाव येईपर्यंतही वाट पाहता येत नाही. इंजिन तत्काळ बंद करावे लागते, कारण तेलाचा दाब गेल्यावर आतले भाग एकमेकांस खाऊ लागतात. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर न राहता उघडझाप करू लागला, तर सिलिंडरातले पेट्रोल न जळता बाहेर जात असते आणि धूर शुद्ध करणारा महागडा कॅटलिटिक कन्व्हर्टर, ते पेट्रोल त्याच्यात जळल्याने होणाऱ्या उष्णतेने निकामी होतो. आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्याने किल्ली फिरवल्याबरोबर, इंजिन सुरू करण्यापूर्वी, सारे दिवे क्षणभर लागतात की नाही हे अवश्य पाहावे. जो दिवा तेव्हाही लागत नाही त्याचा बल्ब कोणीतरी मुद्दाम काढून ठेवलेला असण्याचा संभव असतो.

आता माझ्या गाडीची हकिगत. घरी परतल्यावर मी ती एका मोठ्या वर्कशॉपात नेली. तिथल्या तरुणाने स्कॅनर लावला, पाच संकेतांक निघाले, त्यांतला पहिला स्टेअरिंगच्या विद्युत्मोटरीचा होता, आणि पंधरा मिनिटांत माझ्या हाती ३१,००० रुपयांचा अंदाजपत्रकाचा कागद आला : मोटर व तिचा नियंत्रक, संपूर्ण जोडणी नवी. ‘दिवे आत्ता उडवून देतो,’ असे तो सौजन्याने म्हणाला आणि त्याने ते उडवलेही. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी मला आजही शंका नाही. त्याला प्रत्येक गाडीमागे जेवढा वेळ देण्यात आला होता, तेवढ्यात याहून अधिक काही करणे त्याला शक्य नव्हते.

पैशांची तजवीज होईपर्यंत काम लांबणीवर टाकले, आणि त्या अवधीत पुन्हा चिपळूणला जाण्याचा प्रसंग आला. घाटात दिवे लागलेच. माझे मेहुणे मला महामार्गालगतच्या एका पत्र्याच्या गाळ्यात घेऊन गेले, जिथे साठीकडे झुकलेले एक वायरिंगवाले मिस्त्री बसतात. त्यांनी बोनेट उघडले नाही. आधी विचारले, ‘साहेब, दिवे कुठं लागतात? सरळ रस्त्याला का वळणावर? पावसात का उन्हात?’ हा प्रश्न तोवर मला कोणी विचारला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मीही तो स्वतःला विचारला नव्हता. उत्तर देता देताच मला जाणवले, की दिवे केवळ पावसात, केवळ संथ वळणावर, आणि तेही हेडलाइट, वायपर व पंखा चालू असतानाच लागत होते.

त्यांनी आपला जुना स्कॅनर लावून पाचही संकेतांक दिनदर्शिकेच्या एका फाटलेल्या पानामागे पेन्सिलीने उतरवून घेतले. त्यांतला चौथा केवळ विद्युत्दाब कमी झाल्याचा होता. तो त्यांनी अधोरेखित केला. मग मल्टीमीटर काढून त्याची काळी तार बॅटरीच्या वजा टोकाला आणि लाल तार गाडीच्या बॉडीच्या उघड्या पत्र्याला टेकवली. ‘आता गाडी सुरू करा, लाइट लावा, वायपर लावा, पंखा पूर्ण सोडा, नि स्टेअरिंग पार टोकापर्यंत फिरवा.’ मीटरचा आकडा ०.१ वरून चढत चढत २.४ व्होल्टांवर गेला, आणि त्याच क्षणी डॅशबोर्डवर दिवा लागला. बॅटरीचे वजा टोक आणि बॉडी ही विजेच्या दृष्टीने एकच जागा असावयास हवी. त्यांच्यात इतका फरक पडतो याचा अर्थ परतीच्या वाटेवर वीज अडते आहे. ‘बॅटरी चांगली, अल्टरनेटर चांगला. बॉडीची अर्थ गेलीय,’ ते म्हणाले.

बॅटरीखालची थाळी काढल्यावर ती अर्थची पट्टी दिसली. तांब्याच्या विणलेल्या तारांवर हिरवा कळंक चढला होता, बोल्टाभोवतीचा पत्रा गंजून फुगला होता, आणि बोटाने दाबताच निम्म्या तारा तुटून हाती आल्या. बारा पावसाळे आणि खाडीकडची खारी हवा यांनी ते काम सावकाश केले होते. संथ वळणावर स्टेअरिंगची मोटर सर्वांत जास्त वीज ओढते, पावसात बाकीचे सारे चालू असतेच. हा सगळा प्रवाह त्या उरलेल्या चार तारांतून परत जाऊ पाहत होता, दाब कोसळत होता, आणि प्रत्येक संगणक आपापल्या भाषेत तक्रार नोंदवत होता. मिस्त्रींनी नव्या जाड वायरीला लग दाबून बसवले, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट आवळून वर ग्रीस लावले. पुन्हा तीच परीक्षा घेतली तेव्हा मीटरने ०.०६ दाखवले. दिवे तेव्हापासून लागलेले नाहीत.

मिस्त्रींनी मागितले १८० रुपये : वायरीचे १२० आणि लगचे ६०. कामाचे किती, असे विचारता ते म्हणाले, ‘त्याचं काय घ्यायचं साहेब, पाच मिनिटांचं काम.’ पट्टी बसवणे पाच मिनिटांचे होते हे खरे. पण ती शोधायला पाऊण तास लागला होता, आणि त्या पाऊण तासामागे चाळीस वर्षांचा अनुभव होता. मी तपासणीचे म्हणून पाचशे रुपये पुढे केले तेव्हा ते संकोचले. पावतीवर काय लिहू, असे त्यांनी विचारले, कारण त्यांच्या पावतीपुस्तकात मालाचे नाव, नग आणि दर एवढेच रकाने होते.

मला जे सांगावयाचे आहे ते त्या न छापलेल्या रकान्याविषयी आहे. वैद्याकडे नाडीपरीक्षेचे, वकिलाकडे सल्ल्याचे पैसे आपण बिनतक्रार मोजतो; पण गाडी तपासण्याचे पैसे मागितले की ‘नुसतं बघायचे पैसे?’ हा प्रश्न आपल्या तोंडी तयार असतो. निदानाचे दाम आपण नाकारतो म्हणून कारागिराला आपला चरितार्थ सुट्या भागांच्या विक्रीतून काढावा लागतो, आणि ज्याची मिळकत भाग बदलण्यावर अवलंबून आहे त्याच्याकडून भाग न बदलण्याचा सल्ला मिळावा अशी अपेक्षा आपण करतो. मोठे वर्कशॉप आणि पत्र्याचा गाळा, दोघेही याच एका शिरस्त्याने बांधलेले आहेत. एकाने त्यातून ३१,००० रुपयांचा कागद काढला, दुसऱ्याने आपली विद्या फुकट देऊ केली. दोन्ही मला सारखेच गैर वाटतात.

तेव्हा जुनी गाडी वापरणाऱ्याने तपासणीची मजुरी आधी ठरवून, स्वतंत्रपणे, दुरुस्ती करा वा न करा, द्यावी. आणि ती दिल्यावर हक्काने काही मागावे. संकेतांक पुसण्यापूर्वी ते लिहून घ्यावेत, आणि दिवा लागला त्या क्षणी इंजिनाची गती व तापमान काय होते याची जी नोंद संगणक ठेवतो तीही उतरवून घ्यावी, कारण ‘दिवा उडवून देणे’ म्हणजे पंचनाम्यापूर्वी जागा धुऊन काढणे होय. जो भाग बदलावयाचा तो कोणत्या मोजमापाने दोषी ठरला हे विचारावे, आणि काढलेला भाग परत मागावा. आपणही गॅरेजात गेल्यावर ‘सेन्सर गेलाय’ असे न सांगता दिवा केव्हा, कुठे, कोणत्या हवेत लागतो एवढेच नीट सांगावे.

या प्रश्नाला दुसरी एक बाजू आहे आणि ती ग्राहकाच्या हाती नाही. निदान करावयाचे तर गाडीचा वायरिंगचा नकाशा आणि उत्पादकाची तपासणीची साधने हवीत, आणि ती अधिकृत केंद्राबाहेर मिळणे आजही दुरापास्त आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार उत्पादकांना याच कारणासाठी, म्हणजे सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांपासून अडवून ठेवल्याबद्दल, एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्यात मोटारींचा समावेश केला. माझी मागणी याहून मर्यादित आहे : जे मॉडेल बनवणे बंद झाले आणि ज्याची हमीची मुदत संपली, त्याचे वायरिंगचे नकाशे व संकेतांकांचे पूर्ण अर्थ उत्पादकाने माफक शुल्कात कोणाही कारागिराला द्यावेत, असे बंधन कायद्याने घालावे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करून, पर्यावरण कर भरून, पीयूसी घेऊन जी गाडी सरकार रस्त्यावर येऊ देते, ती दुरुस्त करण्याचे ज्ञान उत्पादकाने कुलपात ठेवावे, याला कोणते समर्थन आहे?

चिपळूणच्या मिस्त्रींकडे एक लांबट हिशेबाची वही आहे. तीत त्यांनी प्रत्येक मॉडेलच्या तारांचे रंग आणि मार्ग स्वतः गाड्या उघडून, रेघा ओढून, वर्षानुवर्षे उतरवून ठेवले आहेत. अर्थच्या जागांवर तांबड्या पेन्सिलीने गोल केले आहेत. माझ्या गाडीचे पान त्यांनी त्या दिवशी माझ्यासमोर पुरे केले. त्यानंतरच्या गाड्यांची नावे पानांच्या माथ्यावर लिहिलेली आहेत, खाली अजून रेघ नाही.